विश्लेषण : डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणूक लढवणारे क्रिकेटपटू बाळू पालवणकर कोण होते? १९३७ मध्ये नेमके काय घडले?

मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी फेब्रुवारी १९३७ मध्ये मतदान झाले. कापड गिरण्यांच्या परिसरातील भायखळा-परळ मतदारसंघात अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या जागेवर दोन मोठी नावे समोरासमोर होती. एक होते स्वतंत्र मजूर पक्षाचे संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दुसरे काँग्रेसचे उमेदवार बाळू पालवणकर. डॉ. आंबेडकर तेव्हा ४५ वर्षांचे होते, तर पालवणकर साठी गाठलेले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ आणि पालवणकरांना ११,२२५ मते मिळाली.

या निकालामुळे पालवणकरांची ओळख अनेकांच्या लेखी एका ओळीत संपली. डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिलेला आणि हरलेला उमेदवार, एवढीच ती ओळ. प्रत्यक्षात हे गृहस्थ भारतीय क्रिकेटचे पहिले मोठे गोलंदाज होते आणि तरुण आंबेडकरांना त्यांच्याविषयी कमालीचा आदर होता. मग हे दोघे एकमेकांसमोर का आले? या लढतीचा निकाल कशावर ठरला? बाळू पालवणकरांच्या आयुष्यातून त्याचे उत्तर शोधावे लागते.

बाळूंच्या हाती चेंडू कसा आला?

बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ कोकणात, पालवणकर हे आडनाव तिकडच्या गावावरून आलेले. वडील लष्कराच्या चाकरीत होते. त्यामुळे मुलांचे बालपण पुण्यातील लष्करी वस्तीच्या आसपास गेले. गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ खेळ शिकले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिन्ही भाऊ पुढे नावाजलेले खेळाडू झाले.

घरची परिस्थिती बेताची असल्याने बाळूंना लवकर कामाला लागावे लागले. पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबमध्ये मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबमध्ये गेले. तिथे महिना चार रुपये मिळत. खेळपट्टी तयार करायची, जाळी बांधायची, रेघा आखायच्या आणि सरावासाठी येणाऱ्या साहेबांना चेंडू टाकायचे, असे कामाचे स्वरूप होते.

या शेवटच्या कामाने त्यांचे आयुष्य बदलले. बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज होते. त्या काळातील नामांकित इंग्रज फलंदाज जे. जी. ग्रेग त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करत. आपल्याला बाद केले की ग्रेग त्यांना प्रत्येक वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. या सरावातून बाळूंची चेंडूवरची हुकमत पक्की झाली. मात्र त्याच जाळीत बॅट हाती घेण्याची संधी त्यांना कधी मिळाली नाही. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे फलंदाजी साहेबांनी करायची आणि चेंडू नोकरांनी टाकायचे.

हिंदू संघाने त्यांना कसे स्वीकारले?

पुण्यातील हिंदूंच्या क्लबला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज दुसरा नव्हता. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील माणसाला संघात घ्यायचे का, यावर क्लबमध्ये वाद झाला. काही सभासदांचा विरोध होता, तर काहींनी बाळूंची बाजू घेतली. शेवटी जिंकण्याची गरज मोठी ठरली आणि बाळू संघात आले.

पण मैदानावरची बरोबरी सीमारेषेपर्यंतच होती. चहापानाच्या वेळी इतर खेळाडू तंबूत बसत. बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे आणि बसण्याची जागाही वेगळी. हात-तोंड धुण्यासाठी पाणी द्यायलाही अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतलाच नोकर लागे. त्यांनी हाताळलेला चेंडू मात्र सगळे सहकारी निःसंकोच हातात घेत. चेंडूला विटाळ होत नव्हता, पेल्याला होत होता.

बाळूंनी याविरुद्ध जाहीर बंड केल्याची नोंद नाही. ते बळी घेत राहिले. पुण्याच्या हिंदू संघाने साताऱ्यात गोऱ्यांच्या संघाला हरवले आणि त्यानंतर बाळूंचे नाव गावोगावी पोहोचले. विजयामागून विजय मिळत गेले तसे संघातील काही बंध सैल झाले आणि काही सहकारी त्यांच्यासोबत जेवायलाही बसू लागले. कर्तृत्व दाखवले की समाज हळूहळू का होईना बदलतो, हा अनुभव बाळूंनी पहिल्यांदा इथे घेतला. त्यांचे पुढचे राजकारण समजून घेताना तो लक्षात ठेवावा लागतो.

१९०६ चा सामना एवढा महत्त्वाचा का?

पुण्यात प्लेगची साथ आली त्या सुमारास, १८९६ नंतर, बाळू मुंबईला आले. इथे ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. पुढे मुंबई, बडोदा आणि मध्य भारत रेल्वेत नोकरी करताना रेल्वेच्या संघातूनही खेळले. मुंबईतील क्रिकेट तेव्हा धर्मवार विभागलेले होते. युरोपियन विरुद्ध पारशी हे सामने आधीपासून होत असत. हिंदूंना युरोपियनांशी खेळण्याची संधी १९०६ मध्ये मिळाली.

बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झालेला हा सामना हिंदू संघाने १०९ धावांनी जिंकला. दोन्ही डावांत मिळून बाळूंनी आठ बळी घेतले. बंगालच्या फाळणीनंतरचा, स्वदेशी चळवळीचा तो काळ. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर झाला. आणि हा विजय ज्याच्या खांद्यावर उभा होता, तो गोलंदाज हिंदू समाजाने उंबरठ्याबाहेर ठेवलेल्या जातीतला होता. सुधारकांच्या हाती एक बिनतोड मुद्दा आला. हाच माणूस संघाला चालतो, तर देवळात, शाळेत आणि पाणवठ्यावर त्याचे बांधव का चालत नाहीत, असा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला.

१९०७ मध्ये हिंदूंसह तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. या सगळ्या वर्षांत हिंदू संघाच्या गोलंदाजीचा मुख्य आधार बाळूच होते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत आणि एका बळीमागे त्यांनी सरासरी जेमतेम १५ धावा दिल्या.

आंबेडकर आणि बाळू यांचा पहिला संबंध कोणता?

१९११ मध्ये पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथाच झाली. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी फक्त दोन जिंकता आले. बाळूंचा दौरा मात्र गाजला. सर्व सामने मिळून त्यांनी ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ, तर लेस्टरशायरविरुद्ध संपूर्ण सामन्यात ११ बळी त्यांनी मिळवले. वय पस्तिशीचे, खांदा दुखत होता आणि पाठिंब्याला दुसरा तेवढ्या ताकदीचा गोलंदाज नव्हता. इंग्लंडमधील काही कौंटी संघांनी त्यांना तिथेच राहून खेळण्याविषयी विचारणा केल्याचेही सांगितले जाते.

ते परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या संशोधनानुसार, या सत्काराचे मानपत्र तयार केले होते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या विशीतल्या तरुणाने. त्या पिढीतील शिकू पाहणाऱ्या दलित तरुणांसमोर आपल्यातला म्हणून दाखवता येईल असा, देशभर गाजलेला दुसरा माणूस जवळपास नव्हताच. पंचवीस वर्षांनी ज्यांच्यात निवडणुकीची लढत झाली, त्यांचे नाते असे आदरातून सुरू झाले होते.

सर्वोत्तम खेळाडू असूनही कर्णधारपद का मिळाले नाही?

याचे उत्तर एका शब्दात देता येते. ते म्हणजे जात. १९१० नंतर अनुभव आणि कामगिरी पाहता हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंकडे जायला हवे होते. पण कर्णधारपद दरवेळी उच्चवर्णीय खेळाडूकडे जाई. कर्णधार नेमल्या गेलेल्या एम. डी. पै यांनीही हा मान खरे तर बाळूंचा होता, असे जाहीरपणे मान्य केले होते.

१९२० मध्ये हा प्रश्न पेटला. बाळूंना आधी संघातूनच वगळले गेले आणि विठ्ठल यांचाही कर्णधारपदाचा हक्क डावलला गेला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी स्पर्धेतून माघार घेतली आणि त्यामागे जातीचे कारण असल्याचे उघडपणे मांडले. वृत्तपत्रांत चर्चा झाली, प्रेक्षकांतून दबाव आला. गांधीजींनी अस्पृश्यता निवारणाचा विषय काँग्रेसच्या व्यासपीठावर आणल्याचे ते दिवस होते. शेवटी तडजोड झाली. भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. कर्णधार पै मैदानाबाहेर गेल्याने काही काळ संघाची सूत्रेही बाळूंच्या हाती आली.

पूर्ण कर्णधारपद मात्र पुढच्या भावाला मिळाले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. एकेकाळी तंबूबाहेर चहा पिणाऱ्या बाळूंच्या घरातला माणूस त्याच समाजाच्या संघाचा नायक झाला होता. या प्रवासाला साधारण तीस वर्षे लागली.

दोघांच्या वाटा कुठे वेगळ्या झाल्या?

याच तीस वर्षांकडे दोन प्रकारे पाहता येत होते. बाळूंच्या दृष्टीने तो पुरावा होता की हिंदू समाजाच्या आत राहून, कर्तृत्व आणि सुधारकांचा दबाव यांच्या जोरावर बदल घडतो. आंबेडकरांचा अनुभव वेगळा होता. परदेशातून उच्च पदव्या घेऊन आल्यावरही त्यांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती. महाडच्या तळ्यासाठी १९२७ मध्ये आणि नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० पासून सत्याग्रह करावा लागला. एखाद्या असामान्य खेळाडूसाठी दार किलकिले होते, पण संपूर्ण समाजासाठी ते बंदच राहते, असे त्यांचे निदान होते. त्यावरचा उपाय म्हणजे राजकीय सत्तेत स्वतःचा, स्वतः निवडलेला वाटा.

हा मतभेद १९३२ मध्ये ठळक झाला. ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर करून दलितांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. म्हणजे ठरावीक जागांवर दलित उमेदवाराला फक्त दलित मतदारच निवडणार होते. याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले. मद्रासचे दलित नेते एम. सी. राजा यांनी त्याआधीच संयुक्त मतदारसंघाची बाजू घेतली होती. बाळू राजांच्या बाजूचे होते. आंबेडकरांनी तडजोड करावी यासाठी झालेल्या प्रयत्नांत ते सहभागी होते.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्यावर सह्या करणाऱ्यांत डॉ. आंबेडकर आहेत आणि बाळूही आहेत. एकाने ती सही गांधीजींच्या प्राणांचे ओझे डोक्यावर असताना, नाइलाजाने केली. दुसऱ्याने ती आपल्या विश्वासाशी सुसंगत म्हणून केली.

पुढच्या वर्षी बाळूंनी हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली आणि ते हरले. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याच्या परिषदेत आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. बाळूंनी या भूमिकेला विरोध केला. आता मतभेद केवळ मतदारसंघाच्या पद्धतीचा राहिला नव्हता. ज्या समाजात जागा मिळवण्यासाठी बाळूंनी आयुष्य घालवले, तोच समाज सोडण्याची भाषा आंबेडकर करत होते.

१९३७ ची निवडणूक कशी होती?

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना बऱ्याच प्रमाणात स्वायत्तता दिली. मुंबई प्रांतात आजचा विदर्भ आणि मराठवाडा नव्हता, पण ब्रिटिशांच्या ताब्यातील गुजरात आणि उत्तर कर्नाटकचे जिल्हे होते. सिंध १९३६ मध्ये वेगळा झाला होता. विधानसभेच्या १७५ जागा होत्या आणि त्यातील १५ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. मत देण्याचा हक्क सर्वांना नव्हता. शेतसारा, घरभाडे, शिक्षण अशा अटी पूर्ण करणाऱ्यांनाच तो होता. साहजिकच गरीब दलित कुटुंबांतील बहुसंख्य माणसे मतदार यादीबाहेर राहिली.

पुणे करारानुसार राखीव जागेची निवडणूक दोन टप्प्यांत होऊ शकत होती. एका जागेसाठी चारपेक्षा जास्त दलित उमेदवार असतील, तर आधी फक्त दलित मतदार मत देऊन त्यातून चार जण निवडत. नंतर या चौघांतून एकाला सर्व जातींचे मतदार मिळून निवडत. इथेच कराराचा पेच होता. अंतिम टप्प्यात दलितेतर मतदारांची संख्या मोठी असल्याने त्यांना पसंत पडणारा दलित उमेदवार निवडून येण्याची शक्यता वाढत होती.

काँग्रेसला हे गणित माहीत होते. आंबेडकरांना त्यांच्याच भागात रोखायचे तर समोर तितकाच परिचित चेहरा हवा होता. बाळूंचे नाव मुंबईतील प्रत्येक क्रिकेटप्रेमी घरात माहीत होते. शिवाय आंबेडकर महार समाजातले, तर बाळू चर्मकार समाजातले. महार समाजाचे वर्चस्व वाढेल, अशी धास्ती इतर अस्पृश्य जातींतील काही पुढाऱ्यांना होती. उमेदवार ठरवताना ही बाब काँग्रेसच्या पथ्यावर पडणारी होती.

आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. भूमिहीन, कुळे आणि गिरणी कामगार यांना एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता. या पक्षाने १७ उमेदवार उभे केले.

मतांचे गणित काय होते?

मुंबई प्रांतातील बहुसदस्यीय मतदारसंघांत एकत्रित मतदानाची पद्धत होती. मतदारसंघात जितक्या जागा, तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत आणि ती सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती.

एका काल्पनिक उदाहरणाने हे समजून घेऊ. समजा, मतदारसंघात तीन जागा आहेत आणि त्यातील एक राखीव आहे. प्रत्येक मतदाराकडे तीन मते आहेत. एक हजार कट्टर समर्थकांनी तिन्ही मते आपल्याच उमेदवाराला दिली, तर त्याच्या खात्यात तीन हजार मते जमा होतात. दुसरीकडे, मोठ्या पक्षाच्या दोन हजार मतदारांनी पक्षाच्या तीन उमेदवारांना एकेक मत वाटून दिले, तर प्रत्येकाला दोन हजारच मिळतात. म्हणजे निम्मे मतदार असूनही एकजूट असलेला गट आपला माणूस निवडून आणू शकतो.

म्हणूनच १३,२४५ आणि ११,२२५ हे आकडे वाचताना काळजी घ्यावी लागते. ही माणसांची संख्या नाही, मतांची आहे. दोघांमधले अंतर २,०२० मतांचे होते. एका मतदाराला एकाहून जास्त मते एकाच नावावर टाकता येत असल्याने, हे अंतर प्रत्यक्षात त्याहून कमी माणसांनी ठरवलेले असू शकते. पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ काढून घेतले, पण एकत्रित मतदानाच्या या सोयीमुळे अल्पसंख्य गटाच्या हाती थोडे बळ उरले होते. आंबेडकरांच्या समर्थकांना ते वापरता आले. बाळूंची भिस्त मात्र काँग्रेसच्या मतांतून आपल्या वाट्याला किती येतात, यावर होती.

निकालाचा परिणाम काय झाला?

मुंबई प्रांतात काँग्रेस ८६ जागांसह सर्वात मोठा पक्ष ठरली आणि जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. काँग्रेसच्या त्या लाटेतही स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले.

आंबेडकर विधानसभेत पोहोचल्याचे परिणाम लवकरच दिसले. कोकणातील कुळांना पिळून काढणारी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक त्यांनी १९३७ मध्येच मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला. संपाच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांचा संप झाला, त्यात ते आघाडीवर होते. भायखळा-परळची जागा गेली असती, तर विधानसभेतला हा आवाज निदान त्या वेळी तिथे नसता. दोन हजार मतांची किंमत अशी मोजावी लागते.

१९५२ मध्ये हेच गणित उलटे कसे झाले?

स्वातंत्र्यानंतर सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला, पण पद्धत बदलली. पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबई हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. मात्र दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. एकजूट गटाच्या हातातले जुने हत्यार निघून गेले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी डॉ. आंबेडकरांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला.

या पराभवाला इतरही राजकीय कारणे होती. तरीही राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष राहिलेले डॉ. आंबेडकर राखीव जागेवरून हरले, याची मुळे पुणे करारानंतरच्या संयुक्त मतदारसंघात जातात. दोन सदस्यांचे मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. आज राखीव मतदारसंघात एकच जागा असते आणि उमेदवार अनुसूचित जातीचा असला, तरी मतदार सर्व जातींचे असतात. प्रतिनिधी कोणाला उत्तरदायी असेल, आपल्या समाजाला की तिकीट देणाऱ्या पक्षाला, हा १९३७ मधला प्रश्न त्यामुळे अजूनही विचारला जातो.

बाळूंकडे आज कसे पाहायचे?

बाळू पालवणकर यांचे ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन झाले. त्यानंतर सव्वा वर्षाने, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बाळूंचा ज्याला विरोध होता, ते पाऊल शेवटी पडले आणि लाखो लोक त्या वाटेने गेले. इतिहासाने कौल कोणाच्या बाजूने दिला, याबद्दल फारशी शंका उरत नाही.

पण बाळूंना केवळ काँग्रेसचे प्यादे ठरवणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. काँग्रेसने त्यांच्या नावाचा आणि जातीचा उपयोग करून घेतला, हे खरे. ज्या विश्वासावर ते उभे राहिले, तो मात्र उसना नव्हता. तंबूबाहेरच्या चहापासून भावाच्या कर्णधारपदापर्यंतचा प्रवास त्यांनी स्वतः पाहिला होता. जे स्वतःच्या घरात घडले ते सर्वांच्या घरी घडेल, असे त्यांना वाटले. आंबेडकरांचे म्हणणे होते की तसे आपोआप घडत नाही. त्यासाठी कायदा, मत आणि संघटना लागते.

बाळूंचा स्वतःचा इतिहासही तसा आंबेडकरांच्या बाजूने साक्ष देतो. १९२० मध्ये उपकर्णधारपद केवळ बळींच्या संख्येमुळे मिळाले नव्हते. बळी तर ते त्याआधी पंचवीस वर्षे घेतच होते. दोन भावांनी एकत्र येऊन खेळायला नकार दिला, तेव्हा निवड समिती नमली. विठ्ठल पालवणकरांनी आपल्या मराठी आत्मचरित्रात या घराण्याची हकीकत नोंदवून ठेवली, म्हणून तिचे अनेक तपशील आज उपलब्ध आहेत.

बाळू कधी कसोटी सामना खेळले नाहीत. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला, तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती. विधानसभेतही ते कधी बसले नाहीत. तरी १९३७ मध्ये गिरणगावच्या मतदारांपुढे जे दोन पर्याय आले, ते दोन्ही दलित समाजातील स्वकर्तृत्वाने मोठ्या झालेल्या माणसांचे होते. त्यातील एकाच्या गौरवाचे मानपत्र दुसऱ्याने कधीकाळी स्वतः लिहिले होते.